पोकळी बनवायला शिकवा!



आपल्या मासिकाच्या मराठी विभागात दरवर्षी पहिल्या पावसावर दोन कविता, आईवर एक आणि होस्टेलच्या मेसवर किमान तीन विनोदी लेख असतात. मी थर्मासवर लिहिणार आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. संपादक मंडळातल्या एका मित्राने विषय ऐकून "हे सायन्स एक्झिबिशनच्या चार्टवर लाव ना" असा सल्ला दिला होता. पण मला माहिती द्यायची नाहीये, मला भांडायचंय. दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढूनही भांडण मात्र मराठीतच नीट जमतं, म्हणून इंग्रजी विभाग सोडून इकडे आले. शुद्धलेखन तपासणाऱ्या मॅडमना आगाऊ थँक्यू!

भांडण असं आहे. वर्कशॉपमध्ये आपल्याला लोखंड कापायला, घासायला, जोडायला शिकवतात. वेल्डिंगचा जॉब आपण सगळ्यांनीच केलाय. दोन पट्ट्या घ्यायच्या, बट जॉइंट मारायचा, हातोडीने स्लॅग उडवायचा, वायर ब्रश फिरवायचा आणि सरांच्या टेबलावर ठेवायचा. सर तो उलटा-पालटा करून बघतात आणि दहापैकी सात देतात. त्या जोडातून हवा जाते का, पाणी जातं का, हे कुणी कधी बघितलंय? चार वर्षांत एकदाही नाही. ज्याला आपला जोड हवाबंद आहे की नाही हे सांगता येत नाही, त्याला साधा थर्मास बनवता येणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी मोठमोठ्या गोष्टी तर सोडूनच द्या.

थर्मास आपल्या सगळ्यांना "येतो". दोन भिंती, मधे पोकळी, आतून चांदीचा मुलामा. मी कंडक्शन, कन्व्हेक्शन, रेडिएशन असं शिकले, तुमच्यापैकी बरेच जण वहन, अभिसरण, प्रारण असं शिकले. आकृती काढली, मार्क पडले, विषय संपला. पण त्या आकृतीत "निर्वात" असा बाण दाखवून जी रिकामी जागा सोडलेली असते, सगळी मेख तिथेच आहे.

एक प्रश्न विचारते. दोन भिंतींमधली नव्वद टक्के हवा काढून टाकली, तर हवेतून होणारं उष्णतेचं वहन किती कमी होईल? मी हा प्रश्न आमच्या विंगमध्ये विचारला, बहुतेकींनी "नव्वद टक्के" असं बिनधास्त सांगितलं. खरं उत्तर असं, की जवळजवळ काहीच फरक पडत नाही! रेणू कमी झाले की उरलेल्या प्रत्येक रेणूला धक्का न खाता जास्त लांब धावता येतं. निरोपे कमी झाले, पण प्रत्येकाची धाव वाढली, हिशेब तोच राहिला. साध्या हवेत रेणूची दोन टकरांमधली धाव मिलीमीटरच्या साधारण चौदा हजाराव्या भागाएवढी असते. दाब एक मिलीबारवर आणला, म्हणजे हजारातली नऊशे नव्व्याण्णव हवा काढली, तरी ती धाव मिलीमीटरचा दहावा भागसुद्धा गाठत नाही. थर्मासच्या दोन भिंतींमधलं अंतर असतं तीन-चार मिलीमीटर. रेणूची धाव या अंतरापेक्षा मोठी झाली की मगच वहन धडाधड कोसळतं. त्यासाठी दाब मिलीबारच्या शंभराव्या भागाच्याही खाली, हजाराव्या भागाकडे न्यावा लागतो. थोडक्यात काय, तर ९९.९ टक्के मिळवणारी पोकळी इथे नापास!

आता याच्या पुढचा हिशेब. मधली जागा शंभर घन सेंटीमीटर धरा. तिच्यातला दाब मिलीबारच्या शंभराव्या भागापर्यंत चढायला बाहेरची किती हवा आत शिरावी लागेल? फक्त एक घन मिलीमीटर. खसखशीचे एक-दोन दाणे! वर्षानुवर्षं वापरायच्या बाटलीत एवढी हवा शिरली की पोकळी बिघडायला लागली. हा आकडा मी तीनदा तपासला, कारण माझाच विश्वास बसेना. वेल्डिंगच्या जॉबला मिळालेले ते दहापैकी सात आठवून मला हसू आलं.

म्हणूनच या भांड्यांच्या कारखान्यात खरी लढाई घाणीशी, ओलाव्याशी आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकांशी असते. काचेच्या थर्मासची रिफिल कशी बनते बघा. बाहेरची बाटली कापून आतली बाटली तिच्यात घालतात, कापलेला भाग परत जोडतात आणि दोन्हींची तोंडं ज्योतीवर एकमेकांत वितळवतात. बुडाशी एक बारीक नळी ठेवलेली असते. तिच्यातून सिल्व्हर नायट्रेटचं अमोनिया घातलेलं द्रावण आणि त्यातली चांदी मोकळी करणारं दुसरं द्रावण आत सोडलं, की काचेवर चांदी बसते. मग धुणं, वाळवणं, आणि त्याच नळीतून पंपाने हवा ओढणं. ही हवा ओढताना बाटली चांगली तापवलेली असते. कारण काचेच्या पृष्ठभागाला पाण्याचा अतिशय पातळ थर चिकटलेला असतो. तो तेव्हाच हाकलून दिला नाही तर पुढे महिनोन्महिने हळूहळू सुटत राहतो आणि पोकळी आतूनच खराब होते. म्हणजे भोक एकही नसलं तरी थर्मास मरू शकतो! शेवटी नळी वितळवून बंद करतात. जुन्या रिफिलच्या बुडाला अणकुचीदार टोक दिसतं ना, ते हेच. ते टोक तुटलं की रिफिल गेली.

आणि चांदी शोभेसाठी नसते हो. आत ९५ अंशांचा चहा, बाहेर ३० अंशांची खोली, एक लिटरची बाटली, असा हिशेब मी केला. पोकळी उत्तम आहे पण काच तशीच उघडी आहे, असं धरलं तर फक्त प्रारणाने पंचवीस वॅटच्या आसपास उष्णता बाहेर जाते. चांदी असेल तर अर्ध्या वॅटपेक्षा कमी. हीट ट्रान्सफरच्या पेपरात दोन समांतर पृष्ठभागांचं गणित येतं, तेच हे. फरक एवढाच, की पेपरात एमिसिव्हिटी "दिलेली" असते. कारखान्यात ती कुणी देत नाही, मिळवावी लागते.

स्टीलच्या बाटलीची तऱ्हा थोडी वेगळी. स्टेनलेस स्टीलच्या दोन नळ्या, त्यांना हवा तो फुगीर आकार द्यायला आतून पाण्याचा दाब, तोंडाशी आणि बुडाशी वेल्डिंग. आतल्या भांड्याच्या बाहेरच्या बाजूला तांब्याचा मुलामा किंवा धातूची चकचकीत फॉइल, प्रारण अडवायला. मधल्या जागेत गेटर नावाचा छोटासा तुकडा ठेवतात. नंतर सुटणारे किंवा चोरपावलांनी शिरणारे वायू तो पकडून ठेवतो. मग सगळा घाणा व्हॅक्यूम भट्टीत. भट्टीतच हवा निघते, भट्टीतच बुडाचं बारीक छिद्र वितळलेल्या काचेच्या मण्याने बंद होतं. भट्टीत जाण्याआधी आतल्या भिंतीला तेलकट बोट लागलं असेल तर? ते बोट ग्राहकाला पुढे भोवतं. आपण वर्कशॉपमध्ये ज्या हातांनी वडापाव खातो त्याच हातांनी जॉब धरतो. असो.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ही बाटली कुणी घडवली. १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स ड्यूअरने हे भांडं बनवलं, ते द्रवरूप वायू टिकवून ठेवायला. चहा त्याच्या डोक्यातही नव्हता. त्याने पेटंट घेतलं नाही. बर्लिनच्या राइनहोल्ड बुर्गरने बाहेरून धातूचं संरक्षक आवरण देऊन १९०३ मध्ये पेटंट घेतलं, आणि थर्मास बाजारात आला. हा बुर्गर काचकाम करणारा माणूस, एक्स-रे ट्यूब बनवणारा. एक्स-रे ट्यूब म्हणजे पुन्हा पोकळीच! पूर्ण स्टीलची बाटली १९१३ मध्ये आणणारा विल्यम स्टॅनली कोण, तर ट्रान्सफॉर्मरवर काम केलेला इलेक्ट्रिकलवाला. आजच्यासारखी हलकी, उच्च निर्वात असलेली स्टीलची बाटली १९७८ मध्ये जपानच्या निप्पॉन सान्सोने काढली, आणि ती कंपनी मुळात ऑक्सिजनची. बाटलीवाले बाटली शिकून आले नव्हते. हवा बाहेर ठेवण्याची विद्या त्यांच्या हातात आधीच होती, तिच्यातून बाटली निघाली. आपल्याकडे ती विद्या कोणत्या सेमिस्टरला आहे?

"बाटली बनवायला इंजिनिअर कशाला?" हा प्रश्न मला माझ्याच रूममेटने विचारला. तिचं कॅम्पसमधून सॉफ्टवेअरमध्ये सिलेक्शन झालंय, तिचं अभिनंदन. पण चहा गार झाला तर कुणाचं काही अडत नाही हे जितकं खरं, तितकंच हेही खरं, की हेच भांडं दुसरीकडे कुणाच्या तरी पोटापाण्याचं असतं.

माझे एक मामा सातारा जिल्ह्यात गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करतात. गाय माजावर आली की शेतकऱ्याचा फोन येतो आणि मामा गाडीला नायट्रोजनचं कॅन बांधून निघतात. त्या कॅनमध्ये उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन आणि त्यात बुडवलेल्या रेतमात्रांच्या बारीक कांड्या. कॅन ॲल्युमिनियमचं, पण मान फायबरग्लासची, कारण धातूची मान ठेवली तर तिच्यातूनच उष्णता आत उतरेल. मधल्या पोकळीत चकचकीत फॉइल आणि काचकागद यांचे थरावर थर. अशी कॅन आपल्याकडे नाशिकला अंबड एमआयडीसीत इंडियन ऑइलच्या क्रायोजेनिक्स कारखान्यात बनतात, म्हणजे हे काही परग्रहावरचं तंत्र नाही. मामांचं कॅन मात्र दुसऱ्याच एका पुरवठादाराकडून स्वस्तात मिळालेलं होतं.

तीन लिटरचं कॅन साधारण वीस दिवस टिकायला हवं. हिशेब केला तर याचा अर्थ, उणे १९६ अंश आणि आपला मे महिना यांच्यामधून आत शिरणारी उष्णता वॅटच्या पाव भागाच्या आसपास ठेवायची. मोबाइलचा चार्जरही याच्या कितीतरी पट वीज घेतो! मामांच्या कॅनला काही महिन्यांतच सकाळी बाहेरून घाम यायला लागला. पट्टी बुडवून बघितली तर तीन दिवसांत तळ. म्हणजे उष्णता पाव वॅटवरून दोन वॅटपर्यंतही गेली नव्हती, तेवढ्यात खेळ खलास. घाम दिसेपर्यंत त्याच कॅनमधल्या मात्रा वापरून झाल्या होत्या. आठ गाई उलटल्या. गाय उलटली की पुढचा माज एकवीस दिवसांनी. तोवर चारा चालू, पेंड चालू, आणि पुढचं वेत तेवढंच लांबलं. एक-दोन गाईंवर घर चालवणाऱ्या माणसाला हे एकवीस दिवस काय असतात ते होस्टेलवर बसून कळणार नाही. पुरवठादार म्हणाला, "तुम्हीच आपटलं असेल." आणि गावात काय बोललं गेलं? "मामांच्या हाताला गुण राहिला नाही." दोष कुठल्या तरी कारखान्यातल्या न तपासलेल्या जोडाचा, आणि नाव गेलं मामांच्या हाताचं. मला राग आला तो इथे, आणि हा लेख त्या रागातूनच लिहिते आहे.

याचंच मोठं रूप आपण सगळ्यांनी २०२१ च्या एप्रिलमध्ये पाहिलंय. तेव्हा आपण शाळेत होतो, टीव्हीवर दिवसभर ऑक्सिजन हा एकच शब्द होता. देशात ऑक्सिजन तयार होत होता, पण बराचसा पूर्वेकडच्या पोलाद कारखान्यांत, आणि माणसं गुदमरत होती महाराष्ट्रात, दिल्लीत. मधला दुवा म्हणजे उणे १८३ अंशांचा द्रव वाहून नेणारा टँकर. आत स्टेनलेस स्टीलची टाकी, बाहेर दुसरी टाकी, मधे पोकळी. म्हणजे चाकांवरचा थर्मासच! तेच कमी पडले. नायट्रोजन आणि आर्गॉनचे टँकर ऑक्सिजनसाठी वळवले, हवाई दलाने परदेशांतून रिकामे कंटेनर आणले, १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस विशाखापट्टणमला निघाली. मोटारसायकली आपण महिन्याला लाखांनी बनवतो, पण टँकर आठवड्यात वाढवता आले नाहीत. आणि २१ एप्रिलला नाशिकमध्ये महापालिकेच्या रुग्णालयातल्या ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब पडला आणि त्या दिवशी बावीस रुग्ण गेले. ती गळती पोकळीतली नव्हती, पण गळतीच होती. याच्यावर मी जास्त लिहीत नाही.

काही जण म्हणतील, हे सगळं परदेशी ज्ञान, आपल्याकडे परंपरा नाही. साफ खोटं! अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि त्या पैशातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. कारखाना चालवायला जपान-अमेरिकेत काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय आणले. त्या कारखान्याचं मुख्य काम नफा कमावणं हे नव्हतंच, माणसं शिकवणं हे होतं. काच फुंकायला शिकलेली माणसं तिथून बाहेर पडली आणि त्यांनी इतरत्र कारखाने काढले. लग्नात आहेर म्हणून घरोघरी पोचलेला ईगलचा थर्मासही तळेगावातच बनायचा. लोकलने पुण्याहून तासाभराचा रस्ता. आपल्या इंडस्ट्रियल व्हिजिट मात्र मॉलवाल्या शहरांमध्ये जातात!

दुसरा मुद्दा स्वस्त आयातीचा. चीनमध्ये झेजियांग प्रांतातलं योंगकांग हे अख्खं शहर स्टीलच्या बाटल्यांसाठी प्रसिद्ध आहे, त्यांच्याशी किमतीत कोण लढणार? मान्य. सरकारने २०२३ मध्ये इन्सुलेटेड फ्लास्क, बाटल्या, डबे यांना मानक चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला. चांगलं केलं, कारण बाजारात "व्हॅक्यूम" म्हणून नुसती दुहेरी भिंतीची, मधे हवा भरलेली बाटलीसुद्धा खपते. (होस्टेलवाल्यांसाठी फुकट टीप: उकळतं पाणी भरा, पाच मिनिटांनी बाटलीच्या पोटाला हात लावा. पोट गरम लागलं तर पोकळी नाही किंवा गेलेली आहे. मानेजवळ कोमट लागलं तर घाबरू नका, तिथे स्टीलला स्टील जोडलेलं असतं.) पण शिक्का वाईट माल अडवतो, चांगला माल बनवणारे हात तयार करत नाही. ते काम कॉलेजचं आहे.

आता स्टाफसाठी. "सिलॅबस युनिव्हर्सिटीचा असतो" हे उत्तर मला माहीत आहे, सर. पण टर्मवर्कचे मार्क कॉलेज देतं. वेल्डिंगच्या जॉबमध्ये दोन पट्ट्यांऐवजी एक छोटा बंद डबा करायला सांगा. त्याला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवा, पंपाने थोडी हवा भरा आणि पाण्याच्या टबात बुडवा. बुडबुडा आला तर मार्क नाहीत. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला रोज जी टेस्ट घेतो ती बी.ई.च्या वर्कशॉपमध्ये घ्यायला कुठल्या बोर्ड ऑफ स्टडीजची परवानगी लागते?

त्याच्या पुढची पायरी तिसऱ्या वर्षासाठी. दुहेरी भिंतीचं एक भांडं, एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे असतो तसा टू-स्टेज व्हॅक्यूम पंप, एक पिरानी गेज आणि दोन थर्मोकपल. वेगवेगळ्या दाबांना गरम पाणी किती वेगाने गार होतं ते मोजायचं. आलेख बराच वेळ हट्टाने आडवा राहील आणि मग एकदम खाली वाकायला लागेल. तो वाकताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितला तर पोकळी म्हणजे काय ते जन्मात विसरणार नाही. आपल्या हीट ट्रान्सफर लॅबमध्ये पिन-फिनचं ॲपरेटस आहे, त्याची रीडिंग सिनियर्सच्या जर्नलमधून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. आणि फायनल इयरचे प्रोजेक्ट शहरातल्या कोणत्या दुकानात तयार मिळतात हेही! या प्रयोगाची रीडिंग कुणाकडून उतरवून घेता येणार नाहीत, कारण प्रत्येक ग्रुपचं भांडं वेगळ्या ठिकाणी गळेल. गळती शोधण्यातच दोन प्रॅक्टिकल जातील. जाऊ देत की.

आमच्या विभागाच्या स्टोअरमध्ये खिडकीखाली एक जुना रोटरी पंप गोणपाटाखाली पडलेला आहे. मोटर फिरते, मी स्टोअरच्या काकांसमोर चालू करून बघितली आहे. त्याचं तेल बदलून हवंय आणि एक गेज हवंय. एचओडी सरांना चार जणांच्या सह्यांचा अर्ज दिलेला आहे. भांडी आम्ही बनवतो, आणि ज्यांच्या स्टीलच्या बाटल्यांची पोटं गरम लागायला लागली आहेत त्यांनी त्या फेकू नका, मुलींच्या होस्टेलच्या ऑफिसात माझ्या नावाने ठेवा. कापून आत काय बिघडलंय ते बघायचं आहे.

— तृतीय वर्ष, यांत्रिकी